भोवळ आणि मेंदूचा रक्तपुरवठा

1861 सालच्या जानेवारीत प्रॉस्पेर मेनिएर या फ्रेंच वैद्याने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे असे प्रतिपादन केले की, कानात नाद होऊन, ऐकू येणे मंदावून ज्यांना वारंवार भोवळ येते, त्यांचा विकार मेंदूत नसून अंतर्कर्णात असतो. आणि मेंदूत रक्त साचले आहे अशा समजुतीने जळवा लावून या रोग्यांना अधिकच निर्बल करण्याच्या तत्कालीन प्रघाताचा आधारच त्यामुळे ढासळला. मेनिएरचे म्हणणे यथार्थ ठरले. कुशीवर वळताना क्षणभर खोली फिरते, ती तक्रारही बहुधा कानाचीच असते. परंतु एक अतिरेक गेला आणि दुसरा आला. भोवळ म्हटली की कान, आणि आपल्या घरोघरी पित्त किंवा मानेचे मणके, असा निकाल परस्पर लागून मेंदूला रक्त अपुरे पडल्याची शक्यता विचारातच घेतली जात नाही, ही मला चिंतेची बाब वाटते.

शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के भरणारा मेंदू हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे 15 टक्के हिस्सा घेतो. त्याच्या चार मुख्य धमन्यांपैकी मागच्या दोन मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर चढतात व कवटीत एकत्र मिळतात. तोल सांभाळणारा लहान मेंदू, दृष्टी, वाणी व गिळणे यांच्याशी संबद्ध असलेला मस्तिष्कस्तंभ आणि बहुधा अंतर्कर्णसुद्धा याच प्रवाहावर पोसले जातात. पाटाचे पाणी आटले म्हणजे शेजारचे वाफे एकदमच सुकू लागावेत, तसे येथे होते. म्हणून भोवळीबरोबर एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, जीभ अडखळली, अर्धा चेहरा बधिर झाला किंवा उभे राहताच देह एका बाजूला कलला, तर घरगुती इलाजात वेळ न दवडता रोग्याला ताबडतोब इस्पितळात दाखल करावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत सामान्यतः साडेचार तासांचीच असते. ही लक्षणे काही मिनिटांत ओसरली तरी निश्चिंत होऊ नये. पक्षाघाताचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांतच सर्वाधिक असतो.

कधी कधी मात्र भोवळ एकटीच येते, आणि मग परीक्षा अवघड होते. अखंड गरगरणाऱ्या रोग्याला वैद्य आपल्या नाकाकडे एकटक पाहावयास सांगतो व त्याचे मस्तक दोन्ही हातांत धरून किंचित, पण झटकन वळवतो. नजर नाकावरून ढळून पुन्हा झेपेसरशी परतली तर दोष बहुधा अंतर्कर्णाच्या मज्जातंतूचा, आणि भोवळ चालू असूनही नजर तिळमात्र हलली नाही तर संशय मेंदूवर. डोळ्यांचे निर्दोष वर्तनच येथे अनिष्टसूचक ठरते! सीटी स्कॅनमध्ये डोक्याच्या मागील भागातला ताजा आघात पुष्कळदा उमटत नाही. म्हणून, विशेषतः रक्तदाब, मधुमेह वा धूम्रपान यांची पार्श्वभूमी असलेल्या रोग्याला आधारावाचून उभे राहता येत नसेल, तर स्वच्छ चित्राच्या भरवशावर त्याची घरी रवानगी करू नये.