परवडणारा आणि टिकणारा सीडी प्लेअर

प्रश्नाचे स्वरूप

सीडी प्लेअर दुकानांतून जवळजवळ नाहीसा झाला, पण सीड्या घरांतून गेल्या नाहीत. परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर अशा गावांतल्या कपाटांत गीतरामायण, भीमसेन जोशींचे अभंग, नाट्यपदे, भीमगीते, कव्वाल्या यांच्या तबकड्या आजही जपून ठेवलेल्या असतात. त्यांतली काही ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर सापडत नाहीत. सापडली तरी अनेकदा अर्धवट किंवा दबलेल्या आवाजात असतात. अशा संग्रहासाठी माफक पैशांत चांगले यंत्र घ्यायचे, तर मोठ्या शहरांतले निकष अपुरे पडतात. तिथे चर्चा आवाजातल्या सूक्ष्म छटांची असते. जिल्ह्याच्या गावी पहिला प्रश्न वेगळा असतो : चार-पाच वर्षांनी लेन्स गेली तर ती मिळेल का, आणि बसवून कोण देईल? यंत्राची खरी किंमत या उत्तरावर ठरते.

सीडीवर काय असते

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी ठरवलेल्या मानकानुसार सीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची तबकडी असते. पहिला प्लेअर, सोनीचा सीडीपी-१०१, जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ रोजी विक्रीस आला. तबकडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेषा असते. तिची लांबी पाच किलोमीटरहून जास्त भरते आणि शेजारच्या दोन फेऱ्यांतले अंतर फक्त १.६ मायक्रोमीटर असते. या रेषेवरच्या सूक्ष्म खळग्यांत ध्वनीची मोजमापे नोंदलेली असतात : प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे, प्रत्येक १६ बिटांचे. त्यामुळे सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर, म्हणजे मानवी कानाची वरची मर्यादा, सीडीत सामावते. आकाशवाणीचे परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर मध्यम लहरींत ऐकू येते. त्या प्रकारच्या प्रसारणात साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचा बराचसा भाग गळून जातो. टाळांची किणकिण आणि तंबोऱ्याची जवारी याच वरच्या भागात असतात. तोच अभंग रेडिओवर आणि सीडीवर ऐकताना जाणवणारा फरक मुख्यतः यातून येतो.

प्लेअरचे कार्य

तबकडी फिरवणारी मोटर आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेपर्यंत जाताना २०० पर्यंत मंदावते, कारण रेषेचा सरकण्याचा वेग सतत तेवढाच राहावा लागतो. खालून ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त लेसर किरण सोडला जातो. परावर्तित प्रकाशातील चढउतार वाचून अंक मिळतात. ते अंक चूकदुरुस्तीच्या टप्प्यातून जातात, मग डिजिटल-अ‍ॅनालॉग परिवर्तक, म्हणजे बोलीतला ‘डॅक’, त्यांचे विद्युत-तरंगात रूपांतर करतो. मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए जोडण्यांतून सुमारे दोन व्होल्टचा संकेत अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. या साखळीतले इलेक्ट्रॉनिक टप्पे आज स्वस्त आणि भरवशाचे झाले आहेत. जिथे भाग हलतात आणि प्रकाश वापरला जातो, तो पहिला टप्पा मात्र झिजणारा आहे.

लेन्स : प्लेअरचे आयुष्य ठरवणारा भाग

दुरुस्तीच्या दुकानात ज्याला ‘लेन्स’ म्हणतात, तो प्रत्यक्षात लेसर, प्रकाश-संवेदक, तारांच्या वेटोळ्यांवर तरंगणारे भिंग आणि छोटी छापील पट्टी यांचा एकत्रित संच असतो. तबकडी थोडी वर-खाली डुलली तरी भिंग सेकंदात अनेकदा जागा बदलून किरण रेषेवर धरून ठेवते. लेसर वर्षानुवर्षांच्या वापराने क्षीण होतो. मग आधी घरी लिहिलेल्या सीड्या वाजेनाशा होतात, नंतर मूळ सीड्या अडखळतात, आणि शेवटी पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटते.

इथे निवडीचा पहिला नियम येतो. सोनीचा केएसएस-२१३ मालिकेतला संच आणि सान्योचा एसएफ-पी१०१एन हे दोन संच अनेक कंपन्यांच्या प्लेअरांत बसवले गेले. त्यांचे सुटे भाग आजही विकत मिळतात, जरी त्यांत नकली मालही असतो. उलट, एखाद्या प्रतिष्ठित कंपनीने स्वतःच्याच यंत्रासाठी बनवलेला दुर्मीळ संच गेला, की बाकीचे उत्तम यंत्र निरुपयोगी होते. जुना प्लेअर घेण्याआधी त्यात कोणता संच आहे हे कळले पाहिजे. ती माहिती नसेल तर कमी किमतीचा मोह टाळणे शहाणपणाचे.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली आणि हैदराबादच्या कोटी भागातली गुजराती गल्ली हे सुट्या भागांचे जुने बाजार. परभणीकरांना यातली दोन टोके देवगिरी एक्स्प्रेसने थेट जोडलेली आहेत : एका दिशेला मुंबई, दुसऱ्या दिशेला सिकंदराबाद. सुटा भाग मागवणे त्यामुळे अवघड नाही. तो नीट बसवणारा हात मिळणे अधिक महत्त्वाचे.

नव्या संचाच्या पट्टीवर, स्थिर विजेपासून लेसरचा बचाव व्हावा म्हणून, दोन टोके जोडणारा डाखाचा छोटा ठिपका दिलेला असतो. संच जोडल्यावर तो काढावा लागतो. तो तसाच राहिला तर लेसर पेटत नाही आणि नवा भाग सदोष ठरवून परत केला जातो. दुसरी गोष्ट त्याहून घातक : पट्टीवर स्क्रूसारखा दिसणारा एक अतिसूक्ष्म प्रीसेट असतो, तो फिरवून लेसरची धार वाढवता येते. थकलेला प्लेअर त्याने काही दिवस झकास वाजतो, पण लेसरचे उरलेले आयुष्यही लवकर संपते. विकण्यापूर्वी केलेली अशी ‘दुरुस्ती’ ओळखणे कठीण असल्याने, नुकताच ठीक करून घेतलेला प्लेअर घेताना नेमके काय केले हे विचारलेच पाहिजे.

प्रत्येक अडखळणे म्हणजे लेन्स गेली असेही नाही. भिंगावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते. प्लेअर बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलके पुसले की कित्येक यंत्रे पूर्ववत होतात. ट्रे उघडत नसेल तर दोष बहुधा ढिल्या पडलेल्या रबरी बेल्टचा असतो. तो बदलणे हे सर्वांत स्वस्त काम.

डॅकचे महत्त्व किती

जाहिरातीत सर्वाधिक भर डॅकच्या नावावर असतो. १६ बिटांचे, ४४,१०० मोजमापांचे अंक अचूक उलगडणे हा तांत्रिकदृष्ट्या सुटलेला प्रश्न आहे. चांगल्या बनावटीच्या साध्या आणि महाग डॅकमधला फरक सामान्य घरातल्या सामान्य स्पीकरवर ओळखणे फार कठीण. पैसे मर्यादित असतील तर त्यांचा मोठा वाटा स्पीकरवर, त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरवर जावा, आणि प्लेअरचा क्रमांक शेवटी लागावा. १९५०-६० च्या दशकांतली बहुतेक मराठी ध्वनिमुद्रणे एकवाहिनी, म्हणजे मोनो आहेत; अशा संग्रहासाठी महाग डॅक घेणे व्यर्थ.

डीव्हीडी प्लेअरचा उपयोग

सर्वांत कमी खर्चाचा मार्ग बहुधा घरातच असतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात कारखाना उभारणारी व्हिडिओकॉन, शिवाय ओनिडा, फिलिप्स, सोनी, एलजी या कंपन्यांचे डीव्हीडी प्लेअर मराठवाड्यात घरोघर पोहोचले होते. ते सीडीही वाचतात. ज्यांच्या मागे ‘कोअ‍ॅक्सियल’ किंवा ‘ऑप्टिकल’ अशी डिजिटल जोडणी आहे, त्यांना छोटा बाह्य डॅक जोडला की आवाजाच्या बाबतीत ते बऱ्याच महाग यंत्रांच्या पंक्तीत बसतात. लेन्सही सहसा स्वस्त.

मर्यादा आहेत. पुष्कळ डीव्हीडी प्लेअरांवर गाण्याचा क्रमांक दाखवणारी पट्टी अपुरी असते, त्यामुळे टीव्ही चालू केल्याशिवाय हवे ते गाणे निवडणे जिकिरीचे. सुरुवात संथ होते, यांत्रिक आवाज जास्त येतो. आणखी एक बाब अनेकदा नजरेतून सुटते : डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, असे दोन वेगळे लेसर त्यात असतात. चित्रपट सुरळीत चालतो म्हणून सीडीही वाजेल असे नाही. तपासणी सीडी लावूनच करावी लागते.

नवा प्लेअर

भारतीय ग्राहकांना परिचित नव्या प्लेअरांत डेनॉन डीसीडी-६००एनई, यामाहा सीडी-एस३०३, मरँट्झ सीडी६००७, एनएडी सी५३८, केंब्रिज ऑडिओ एएक्ससी३५ ही नावे येतात. मरँट्झला पेनड्राइव्ह आणि हेडफोनची सोय आहे. डेनॉन साधा आहे. ज्याला फक्त सीडी ऐकायच्या आहेत त्याला साधेपणा पुरतो. परभणीत बसून घेतलेले असे यंत्र बिघडल्यास बहुधा मुंबई, पुणे किंवा हैदराबादच्या सेवाकेंद्राकडे पाठवावे लागते. मूळ खोका आणि थर्माकोल जपून ठेवणे, हमीच्या अटींत वाहतुकीचा खर्च कोणाकडे आहे हे खरेदीच्या वेळी पाहणे, हाही किमतीचाच भाग. दहा वर्षे रोज ऐकणाऱ्या घरासाठी नवे यंत्र न्याय्य ठरते. महिन्यातून चार वेळा ऐकणाऱ्यांसाठी नाही.

जुना परदेशी प्लेअर

१९९० च्या दशकातले जपानी प्लेअर जड, मजबूत आणि कित्येकदा आजच्या स्वस्त यंत्रांपेक्षा सरस बांधणीचे असतात. त्यांत दोन अडचणी आहेत. जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टवर चालते. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते थेट लावले तर क्षणात जळू शकते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर अनिवार्य, आणि त्याची किंमत हिशेबात धरावी लागते. दुसरे, त्या काळचे प्लेअर एमपी३ सीडी वाचत नाहीत. मराठवाड्यातल्या बाजारांत शंभर-शंभर गाण्यांच्या एमपी३ सीड्या खूप विकल्या गेल्या. संग्रहात त्याच जास्त असतील तर असा प्लेअर उपयोगाचा नाही. मूळ सीडीत सेकंदाला सुमारे १४ लाख बिट जातात. १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये त्याचा अकरावा हिस्सा उरतो, हेही लक्षात घेण्याजोगे.

उष्णता आणि वीज

परभणीचा मे महिना ४४-४५ अंशांवर जातो. यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर किंवा काचबंद शोकेसमध्ये ठेवणे म्हणूनच हानिकारक. वीज गेल्यावर मुख्य बटण बंद करणे इष्ट, कारण पुरवठा परतताना व्होल्टेज उसळू शकते. ज्या भागात चढउतार नित्याचा आहे तिथे स्टॅबिलायझर चैनीचा ठरत नाही. घरात अर्थिंग कच्चे असेल तर स्पीकरमधून गुणगुण येते. अशा वेळी बाह्य डॅकला कोअ‍ॅक्सियल तारेऐवजी ऑप्टिकल तार जोडल्यास दोन यंत्रांमधला विद्युत-संबंध तुटतो आणि त्या मार्गाने येणारी गुणगुण थांबते.

अ‍ॅम्प्लिफायरशी जोडणी

प्लेअरची तार ‘सीडी’, ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ असे लिहिलेल्या जागी जावी. ‘फोनो’ ही जागा रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टच्या क्षीण संकेतासाठी असते. तिथे दोन व्होल्ट दिले की आवाज फाटतो.

तबकड्यांची अवस्था

पुष्कळदा दोष प्लेअरचा नसून सीडीचा असतो. चूकदुरुस्तीची योजना रेषेवरची सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग हानी पूर्णपणे भरून काढू शकते. केंद्राकडून कडेकडे जाणारा ओरखडा रेषेला आडवा छेदतो, म्हणून तो बहुधा निभावतो. रेषेच्या दिशेने गोल गेलेला ओरखडा मात्र तिचा मोठा तुकडाच झाकतो. पुसताना आतून बाहेर सरळ पुसायचे ते याचसाठी. चमकणाऱ्या बाजूपेक्षा छापील बाजू अधिक नाजूक असते : तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या थरावर फक्त लाखेचा पातळ लेप असतो, आणि पेनाच्या टोकाने पडलेला चरा कोणताही प्लेअर भरून काढू शकत नाही. घरी लिहिलेल्या सीडीत सेंद्रिय रंगद्रव्य असते, ते ऊन आणि उष्णतेने फिके होते. कुटुंबातल्या लग्नाचे किंवा गावातल्या कीर्तनाचे एकमेव ध्वनिमुद्रण अशा सीडीवर असेल, तर त्याची संगणकावर प्रत काढणे प्लेअर घेण्याआधीचे काम आहे.

खरेदीपूर्वीची तपासणी

तपासणीसाठी तीन तबकड्या पुरतात : एक स्वच्छ मूळ सीडी, एक किंचित ओरखडलेली आणि एक घरी लिहिलेली. ट्रे पाच-सहा वेळा उघडून मिटावा. सीडी घातल्यावर गाण्यांची एकूण संख्या काही सेकंदांत पडद्यावर आली पाहिजे. पहिल्या गाण्यावरून एकदम शेवटच्यावर उडी मारून लेन्सचा सरकता भाग अडकत नाही ना हे पाहावे. यंत्र अर्धा तास तापू द्यावे, कारण थकलेला लेसर थंड असताना निभावून नेतो. त्यानंतर सत्तर मिनिटांच्या आसपास भरलेल्या सीडीचे शेवटचे गाणे पूर्ण ऐकावे. ते बाहेरच्या कडेला असते, तबकडीचे डुलणे तिथे सर्वाधिक असते, आणि झिजलेला प्लेअर आधी तिथेच अडखळतो. तापलेल्या यंत्रावर ते गाणे सलग वाजले आणि आतल्या लेन्सचा क्रमांक बाजारात मिळणारा निघाला, तर जुना प्लेअर घेण्यास हरकत नाही. यांपैकी एक जरी गोष्ट जुळत नसेल तर तो फुकट मिळाला तरी महागच पडतो.