ऑपरेशनआधी लेकराचं वजन का पाहतात?

आज दवनीवाड्यात अंगणवाडी ताई, आशा ताई आणि एवढ्या आया जमल्या आहेत, म्हणून एका नेहमीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाळाचा ओठ जन्मापासून दुभंगलेला आहे, गोंदियाला दाखवलं आणि डॉक्टर म्हणतात, "वजन वाढवून आणा, मग करू." घरच्यांना वाटतं, हे टाळताहेत. तसं नसतं.

दुभंगलेल्या ओठासाठी शल्यचिकित्सक एक जुना आडाखा वापरतात: वय 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन 10. हा कायदा नव्हे, पण त्यामागचा विचार पक्का आहे.

ऑपरेशन म्हणजे शरीरावर ठरवून केलेली जखम. ती भरायची तर नवीन धागे विणावे लागतात. त्याला प्रथिनं लागतात, क जीवनसत्त्व लागतं, जस्त लागतं. मोठ्या माणसाकडे थोडा साठा असतो. लेकराकडे तो मुळातच कमी, आणि कुपोषित लेकराकडे जवळजवळ नाहीच. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. टाके उशिरा धरतात, कधी उसवतात, जखमेत पू होतो. छातीचे स्नायू अशक्त असले की खोकून कफ बाहेर पडत नाही आणि न्यूमोनियाची भीती वाढते. अंगावर चरबी नसली तर थिएटरच्या गारव्यात बाळ लवकर थंड पडतं.

आता रक्त. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 6 ते 59 महिन्यांच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हा आपल्या घरचाच प्रश्न आहे. विदर्भात सिकलसेलही आहे. अशा मुलाला ऑपरेशनच्या वेळी पाणी कमी पडलं, थंडी लागली किंवा प्राणवायू घटला तर त्रास होऊ शकतो. म्हणून सिकलसेलची तपासणी आधी करून घ्या, आणि घरात कुणाला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

मग करायचं काय? ताईंकडची दंडाची पट्टी आहे ना, 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. त्याला घरी नुसतं जास्त भरवून चालत नाही. एकदम भारी खाणं दिलं तर रक्तातले क्षार बिघडून जीव धोक्यात येतो. लोहाचं औषधही वजन वाढू लागल्यावरच सुरू करतात. अशा लेकराला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं. तिथं 5 किलोचं बाळ रोज 50 ग्रॅमच्या आसपास वाढलं तर प्रगती चांगली समजतात.

बाकीच्यांसाठी आपलंच घर पुरे. आपल्याकडे भात भरपूर, पण नुसता भात आणि पेज म्हणजे पोट भरतं, अंग भरत नाही. त्यात घट्ट वरण, चमचाभर तेल, अंडं, तळ्यातली मासोळी, शेंगदाण्याचा कूट, मुनग्याचा पाला घाला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र आईचंच दूध. टाळू दुभंगलेली असेल तर बाळाला ओढता येत नाही. दूध काढून वाटी-चमच्यानं, बाळाला उभं धरून पाजा.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवायचं, पण सांगितलं तेवढंच. साधारणपणे जेवण 6 तास आधी, अंगावरचं दूध 4 तास आधी, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळा. "कशाला धोका" म्हणून आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलं तर अशक्त लेकराची साखर उतरते.

आतडं अडकलं, अपेंडिक्स फुटलं, तर मात्र वजनाची वाट पाहायची नाही. तिथं ऑपरेशन आधी, पोषण बरोबरीनं.

खरी अडचण पुढे आहे. "वजन वाढवून आणा" म्हटल्यावर मायबाप घरी येतात, रोवणीचे दिवस लागतात, मजुरी बुडते, आणि तारीख राहून जाते. म्हणून पुढे ढकललेलं प्रत्येक लेकरू ताईंच्या वहीत हवं: आजचं वजन, गाठायचं वजन, पुढची तारीख. दर आठवड्याला काट्यावर ठेवा. दोन आठवडे काटा हलला नाही तर थांबू नका, दवाखान्यात परत न्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.