मदात्ययाची उत्तर-चिकित्सा आणि स्वमदत गट

साडेचार महिने मद्यापासून दूर राहिलेला एक रुग्ण निद्रानाश व दौर्बल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आला. वातप्रकोपाची लक्षणे स्पष्ट होती. मी सरावाने अश्वगंधारिष्ट चार-चार चमचे, समभाग पाण्यासह, भोजनोत्तर असे लिहून दिले. पंधरा दिवसांनी त्याची पत्नी एकटीच आली. तो पुन्हा पिऊ लागला होता. पुढे भेट झाली तेव्हा त्याने एवढेच सांगितले, "डॉक्टर, झाकण उघडलं की तोच वास यायचा. दोन दिवसांत बाटली संपवली, तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो."

सर्व दोष त्या बाटलीचा, असे मी म्हणणार नाही. परंतु आसवारिष्टांत संधानजन्य मद्यार्क असतो, सामान्यतः शेकडा पाच ते दहा, हे मला ठाऊक नव्हते थोडेच! केवळ त्या क्षणी आठवले नाही, आणि ही आठवण न होणे हा चिकित्सकाचा अपराधच होय.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात ध्वंसक व विक्षय हे दोन विकार वर्णिले आहेत. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी अतिमात्रेत पिऊ लागला म्हणजे ते उद्भवतात व दुर्बळ शरीरात दुश्चिकित्स्य ठरतात. मद्यत्यागानंतरच्या स्खलनाचा धोका शास्त्राने इतक्या पूर्वी ओळखला होता. त्रिविध औषधांत सत्त्वावजयही सांगितले आहे. मात्र दहा मिनिटांच्या तपासणीत आपण ते 'मन खंबीर ठेवा' या एका वाक्यात उरकतो, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल.

हाच रुग्ण नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना जाऊ लागला आणि एके दिवशी मलाही घेऊन गेला. ही सहवासमंडळी १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, डॉ. बॉब स्मिथ, स्वतः शल्यचिकित्सक व स्वतः मद्यपी होते. हे कळल्यावर माझा पदवीचा अभिमान जरा नरम पडला.

नगरपालिकेच्या शाळेतील एक वर्ग. छोट्या बाकांवर मोठी माणसे दाटीवाटीने बसलेली. फलक नाही, नोंदवही नाही, आडनाव कोणी विचारत नाही. प्रत्येकजण उठून आपले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे म्हणतो आणि स्वतःची हकीकत कथन करतो. कोणी उपदेश करीत नाही, मध्ये कोणी बोलत नाही. शुल्क नाही, शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावे. त्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी दिवाळीच्या दिवशी मुलाच्या गुल्लकातील पैसे कसे काढले ते सांगितले. माझ्या शेजारी बसलेला माझा रुग्ण मान खाली घालून रडत होता. तीन वर्षांत माझ्यासमोर तो एकदाही रडला नव्हता.

व्यवसायबंधूंसाठी काही व्यवहारोपयोगी माहिती. सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभा केवळ मद्य सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. खुल्या सभेस नातेवाईक व वैद्यही बसू शकतात. रुग्णास पाठविण्यापूर्वी आपण स्वतः एक खुली सभा पाहावी. सभांचा ठावठिकाणा संस्थेच्या दूरध्वनीवर व संकेतस्थळावर मिळतो. २०२० नंतर दूरदृश्य सभाही रुळल्या आहेत. आडगावच्या रुग्णास तो मोठा आधार आहे. मात्र यादीतील वेळ कधीकधी बदललेली असते, म्हणून आधी फोन करावा; पहिल्याच दिवशी कुलूप पाहून परतलेला रुग्ण सहसा पुन्हा जात नाही. गावात ओळखीचे भेटतील या संकोचाने कोणी थांबत असल्यास शेजारच्या गावचा गट सुचवावा. कुटुंबीयांसाठी अल्-अनॉनचे स्वतंत्र गट असतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापन केलेले मुक्तांगण तर महाराष्ट्रास परिचित आहेच. 'तेथे प्रार्थना असते, तो धार्मिक पंथ आहे का?' असे रुग्ण विचारतात. ईश्वर प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे मानावा, असे तेथे सांगतात. उपयोगाविषयी म्हणाल, तर २०२० च्या कॉक्रेन समीक्षेत अशा गटांशी रुग्णास पद्धतशीरपणे जोडणारे उपचार अखंड मद्यत्यागाच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस आढळले.

एक सावधगिरी अत्यावश्यक. दीर्घकाळ नित्य पिणाऱ्यास 'आजच बंद करा' म्हणून सभेस धाडू नये. मद्य थांबल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत कंप, आक्षेप, प्रलाप उद्भवू शकतात व ते प्राणघातक ठरतात. अशा रुग्णास प्रथम रुग्णालय, मग गट.

औषधविक्रेत्यांना विनंती अशी की, दशमूलारिष्ट वा सारस्वतारिष्ट चिठ्ठीविना मागणाऱ्यास 'मद्य सोडले आहे का?' हे हळूच विचारावे. डायसल्फिरम घेणाऱ्यास तर थोड्या मद्यार्कानेही चेहरा लाल होणे, धडधड, रक्तदाब घसरणे अशी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. पर्याय मुबलक आहेत: चूर्ण, क्वाथ, वटी, घृत. माझ्या चिकित्सालयात आता केसपेपरवर अशा रुग्णांच्या नावापुढे तांबड्या शाईचा ठिपका असतो.

त्या रुग्णास मी पुढे अश्वगंधा चूर्ण दुधातून दिले. झोप सुधारली. गुरुवारी मात्र तो माझ्याकडे येत नाही. त्या संध्याकाळी शाळेचा वर्ग उघडण्याची किल्ली त्याच्याकडे असते.