खड्ड्याचं सबमिशन

हॉस्टेलवर गाडी चालवणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक, ज्यांची गाडी खड्ड्यात आदळलीये आणि दुसरे, ज्यांची अजून आदळायचीये. मी तिसऱ्या प्रकारातला. मी पार्टनरची गाडी आदळली!

२०२५ चा ऑगस्ट महिना. रात्री साडेनऊची वेळ, भुरभुर पाऊस, आणि मी जर्नलच्या झेरॉक्स घेऊन चौकातून परत येत होतो. रस्त्यावर पाणी साचलेलं. ते पाणी म्हणजे डबकं नसून खड्डा आहे हे पुढचं चाक आत गेल्यावर कळलं. मी पडलो नाही, पण रिम वाकली, टायर फाटला आणि फोर्कमधून ऑइल गळायला लागलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या मामांनी आकडा सांगितला: रिम २,४०० रुपये, टायर १,६५०, सील आणि मजुरी ७५०. एकूण ४,८०० रुपये. म्हणजे दोन महिन्यांची मेस!

पार्टनर म्हणाला, "अरे, इन्शुरन्स आहे ना गाडीचा!" आम्ही पॉलिसी काढून बघितली. इथे पहिला धडा मिळाला, तो सगळ्यांनी लिहून घ्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे 'विमा चालू आहे' असं आपल्याला वाटत राहतं. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला 'ओन डॅमेज' म्हणतात, तो बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो आणि नूतनीकरण करायचं राहून जातं. आमचंही तेच झालेलं. तो भाग चालू असता तर खड्ड्याचं नुकसान मागता आलं असतं. अर्थात तिथेही टायर आणि रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि 'नो क्लेम बोनस' जातो. नुसता टायर फुटला, गाडीला बाकी काही झालं नाही, तर साध्या पॉलिसीत तोही मिळत नाही. त्यामुळे छोट्या खर्चासाठी क्लेम करायचा का, हे आधी कागदावर मांडून बघा.

मग मी ठरवलं, ज्याचा रस्ता त्याच्याकडेच पैसे मागायचे. सगळे हसले. पण रस्ता सुस्थितीत ठेवणं ही पालिकेची मर्जी नाही, ते तिचं कायद्याने ठरलेलं कर्तव्य आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये बंधनकारक कामांच्या यादीत सार्वजनिक रस्त्यांची देखभाल आहे. शिवाय चांगले रस्ते मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटलेलं आहे. तेव्हा भरपाई मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे. मात्र हक्क आहे म्हणून पैसे आपोआप येत नाहीत. चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: रस्ता कोणाचा, त्यांना खड्डा माहीत होता का, नुकसान त्या खड्ड्यानेच झालं का, आणि किती झालं. थोडक्यात हे एक सबमिशनच आहे. ऑब्झर्व्हेशन टेबल नसेल तर सही मिळत नाही!

तिसरा आणि चौथा मुद्दा पहिल्या एक-दोन दिवसांतच जमवावा लागतो. खड्डा बुजला की पुरावा गेला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन फोटो काढले. एक लांबून, मागे दुकानाची पाटी दिसेल असा, आणि एक जवळून, पट्टी ठेवून. लांबी ७० सेंमी, खोली ११ सेंमी. (खोली मोजायला खड्ड्यावर आडवी काठी ठेवा आणि काठीपासून तळापर्यंत मोजा.) गॅरेजचं पक्कं बिल घेतलं आणि मामांकडून त्यावर 'खड्ड्यात आदळून रिम वाकली' असं लिहून घेतलं. वाकलेली रिम भंगारात दिली नाही, ती अजून माझ्या कॉटखाली आहे. लायसन्स, पीयूसी, हेल्मेट हे सगळं जागेवर हवं. नाहीतर समोरचा पहिल्या वाक्यातच म्हणतो, "तुमचीच चूक!" आणि चूक खरंच थोडी आपली असेल, म्हणजे वेग जास्त वगैरे, तर त्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते.

पहिला मुद्दा सर्वांत सोपा वाटतो आणि तिथेच सगळे अडकतात. रस्ता कोणाचा? राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा परिषदेचा रस्ता, पालिकेचा रस्ता, एमआयडीसीचा रस्ता, प्रत्येकाचा मालक वेगळा. मी एका कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "हा आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे." 'त्यांच्याकडे' गेलो तर ते म्हणाले, "आम्ही केव्हाच हस्तांतरित केला." दोन बस, चार जिने, हातात शून्य.

त्यावर उपाय एकच, माहितीचा अधिकार, २००५. साधा अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे निबंध लिहू नका. मी चारच गोष्टी मागितल्या: रस्ता कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे, शेवटचं डांबरीकरण कोणी व कधी केलं, त्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, आणि त्या ठिकाणाबद्दल सहा महिन्यांत आलेल्या तक्रारींची नोंद. दोषदायित्व कालावधी म्हणजे ठेकेदाराची वॉरंटी. त्या मुदतीत रस्ता उखडला तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. माहिती द्यायला ३० दिवसांची मुदत आहे. मला २७ व्या दिवशी उत्तर आलं. रस्ता पालिकेचा, कालावधी संपायचा होता, आणि माझ्या आधी त्याच जागेबद्दल दोन लेखी तक्रारी आलेल्या होत्या! म्हणजे त्यांना माहीत होतं. दुसरा मुद्दाही जमला.

मग नोटीस. महापालिकेवर दावा लावायचा असेल तर कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. (रस्ता राज्य सरकारचा असेल तर नोटीस दोन महिन्यांची.) हा सहा महिन्यांचा काटा बहुतेकांना माहीतच नसतो. मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नोटीस पोस्टाने पाठवली.

आणि १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांचं खंडपीठ. बातमी वाचून मी मेसमध्ये उडीच मारली. पण नीट वाचल्यावर खाली बसलो. आदेश असा: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमी झाल्यास जखमेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची. महापालिका हद्दीत यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. पैसे जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत त्याची दखल घ्यायची. माणसासाठी हे सगळं आहे. वाकलेल्या रिमसाठी त्यात काही नाही.

मला उत्तर आलं: 'वाहन दुरुस्तीखर्च देण्याची तरतूद नाही.' पुढचा रस्ता दिवाणी न्यायालयाचा. ४,८०० रुपयांसाठी वकिलाची फी, तारखा, त्यात सेमिस्टर. मी दावा लावला नाही. मुदत फेब्रुवारीत संपली आणि पार्टनरचे पैसे मी दरमहा ८०० प्रमाणे फेडले. हे लपवून 'मी जिंकलो' असं लिहिलं असतं तर लेख भारी झाला असता, पण खोटा!

नोटिशीमुळे एक मात्र झालं. एका सकाळी दोघं जण येऊन खड्ड्यात मुरूम टाकून गेले. कडा चौकोनी कापणं नाही, धूळ काढणं नाही, टॅक कोट नाही, दाबणं नाही. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, तो मुरूम चाकांबरोबर कधी निघून जाणार ते. डिसेंबरमध्ये खड्डा परत होता तिथेच.

आणि त्याच खड्ड्यात पहाटे दूध आणायला निघालेले आपल्या मेसचे काका सायकलवरून पडले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि हाताला काम नाही तर पगार नाही. भेटायला गेलो तर म्हणाले, "जाऊ दे बाळा, आपलंच नशीब."

मी रूमवर आलो आणि कपाटातली फाइल काढली. रस्ता कोणाचा, ते उत्तर तयार. त्यांना माहीत होतं का? आता दोन तक्रारी, माझी नोटीस आणि तिची पोचपावती. फक्त काकांचे दवाखान्याचे कागद, एक्स-रे, पोलीस ठाण्यातली नोंद आणि खड्ड्याचे नवे फोटो जोडले आणि समितीकडे अर्ज दिला. विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात कागद नीट तपासून घेतले. तिथे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना वकील मोफत मिळतो, हेही आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं.

अंक छापायला जाईपर्यंत निकाल आलेला नाही. आवक क्रमांक मिळालाय, आणि काका रोज पोळी वाढताना विचारतात, "काय म्हणतंय आपलं सबमिशन?"

माझी रिम गेली ती गेलीच. पण मी त्या वेळी १० रुपयांचा स्टँप लावला नसता तर आज काकांच्या अर्जात 'त्यांना माहीत होतं' हे वाक्य पुराव्यासह लिहिता आलं नसतं. म्हणून मंडळी, खड्डा दिसला, तुम्ही त्यात पडला नसलात तरी, लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करून तक्रार क्रमांक लिहून घ्या. ती पोच तुमच्या कामाला येईलच असं नाही. तुमच्या मागून येणाऱ्याच्या येईल.

फाइलची झेरॉक्स रूमवर आहे. कुणाला नमुना हवा असेल तर घेऊन जा. फक्त जर्नलसारखी तारखा न बदलता उतरवू नका!