मुलींच्या विद्येचा भार कोणी वाहावा?

थोर स्त्रियांची चरित्रे वाचून मान डोलावणे आपल्या समाजास फार आवडते. परंतु त्या थोर होण्यापूर्वी, म्हणजे अंगी केवळ इच्छा आणि पदरी काहीच नाही अशा दिवसांत, त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले, हे फारसे कोणी विचारीत नाही. दिघोरीसारख्या धानाच्या मुलखातील गावी व्यापारउदीम करणाऱ्या गृहस्थांपुढे तोच प्रश्न ठेवण्याचे आम्ही आज योजिले आहे.

अमेरिकेतील स्त्रिया पहिल्यापासूनच सुशिक्षित व स्वतंत्र होत्या, असा आपल्याकडे एक समज आहे. तो खरा नव्हे. एलिझाबेथ ब्लॅकवेल ही त्या देशात वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली स्त्री. बाप वारल्यावर तिने मुलांस शिकवून पोट भरले. अनेक महाविद्यालयांनी नकार दिला, तेव्हा कोठे एकाने दार उघडले व 1849 साली ती डॉक्टर झाली. पुढल्याच वर्षी, 1850 मध्ये, फिलाडेल्फिया येथे केवळ स्त्रियांकरिता वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्या दाराचा उपयोग पुढे एका मराठी मुलीस व्हावयाचा होता.

ती मुलगी आनंदीबाई जोशी. जन्म 1865 चा, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झाले व ते थोड्याच दिवसांत गेले. औषधपाण्याअभावी गेलेल्या या बालकाच्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय उपजला. पती गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास साहाय्यार्थ पत्र लिहिले. परंतु मदतीबरोबर धर्मांतराची अपेक्षा दिसून आली आणि ती गोष्ट तेथेच राहिली. मात्र तो पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याच्या दारी बसल्या असता तो वाचला व कोणतीही अट न घालता आपल्या घराचे दार आनंदीबाईंस उघडे केले. 1883 मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली आहे.

त्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. 1858 साली जन्मलेल्या या बाईंस संस्कृत विद्या आईकडून मिळाली. आणि आईस ती शिकविली होती वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकनिंदा सोसून. आईबाप दुष्काळाच्या हालांत गेले, पुढे वैधव्यही आले. तथापि विद्या कायम राहिली. अमेरिकेत त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली व 1887 च्या अखेरीस बॉस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ एक मंडळ स्थापन झाले. त्याची रीत व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे: एका धनिकाने मोठी थैली द्यावयाची नाही, तर पुष्कळांनी वर्षास निदान एक डॉलर द्यावा व तो दहा वर्षे चालवावा. या जोरावर 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले.

याहूनही जुने उदाहरण घ्या. अमेरिकेतील सिंथिया फेरार या बाई 1827 मध्ये मुंबईस आल्या व पुढे अहमदनगरास मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्या पाहून जोतीराव फुल्यांस पुण्यात तसेच काही करण्याची प्रेरणा झाली. 1848 साली त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

यावर कोणी म्हणेल, "या परकीयांच्या मदतीमागे धर्मप्रसाराचा हेतू होता." काहींच्या मागे होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु शेजाऱ्याच्या मुलीच्या शाळेसाठी ज्यांनी आपली गाठ सोडली नाही, त्यांनी गाठ सोडणाऱ्याचा हेतू तपासावा, हे न्यायास धरून नाही. ज्यास परक्याचे साह्य नको, त्याने आपले पुढे करावे. हाच या आक्षेपास खरा उपाय होय.

आज काळ पालटला आहे. मुलीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी करणे हा गुन्हा आहे, आणि 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परंतु चौदाव्या वर्षानंतर काय? ज्या वयात आनंदीबाईंचा निश्चय जन्मला, त्याच वयास या कायद्याचा हात सुटतो. पुढील शाळा दूर, जाण्यायेण्यास खर्च, रोवणीच्या दिवसांत बांधीत हातांची गरज. अशा वेळी गरिबाच्या घरी पहिली काट मुलीच्या शिक्षणावर बसते. बाप दुष्ट नसतो, त्याचा हिशेब जुळत नसतो.

हिशेब जुळविणे हे तर आमच्या व्यापारी बंधूंचे नित्याचे काम! गावातील दहा दुकानदारांनी दरमहा ठरावीक रक्कम बाजूस काढावी. शिक्षक व दोन जाणत्या स्त्रिया यांस पंच नेमावे. जात, धर्म अथवा मर्जी न पाहता, दहावीपुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलीचा प्रवास, पुस्तके व वसतिगृह यांचा खर्च त्यातून चालावा. आणि वर्षाअखेर जमाखर्च चारचौघांत वाचून दाखवावा. एका मुलीपासून आरंभ केला तरी चालेल. मात्र तो शाळेचे नवे वर्ष उघडण्यापूर्वी व्हावा.