उन्हातली दगडी भिंत आणि तहान सोसणारी झाडं

'कमी पाण्यावर जगणारं झाड' असं आपण सहज म्हणतो. पण आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या भिंतीवर झाड लावायचं, तर प्रश्न दोन आहेत. उन्हाळ्यात दगड तापतो आणि फटीत माती असते मूठभर, हा पहिला. दुसरा आपण विसरतो. पावसाळ्यात तीच फट चिंब असते, आणि तहानेनं न मेलेलं झाड मूळ कुजून मरतं. म्हणून फटीत निव्वळ काळी माती भरू नका, ती पाणी धरून ठेवते. मुरूम, जाड वाळू आणि थोडं शेणखत पुरे.

आता निवड. माथ्यावर कोरफड, फटींत पानफुटी. दोन्ही पानांत पाणी साठवतात. शिवाय पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लरूपात साठतो आणि दिवसा वापरला जातो. बेंजामिन हाइन यांनी भारतात असताना पानफुटीचं पान चाखलं होतं: सकाळी आंबट, दुपारी बेचव. ही नोंद १८१५ साली छापली गेली. अशा झाडांनाही पहिल्या उन्हाळ्यात पाणी मात्र द्यावं लागतं.

आणि पिंपळ? तोही चिवटच. पक्ष्यांनी टाकलेलं बी फटीत रुजतं, न विचारता वाढतं आणि पुढं भिंतच फोडतं. म्हणजे नुसता चिवटपणा पुरेसा नाही. झाड भिंतीवर टिकेल का, एवढंच विचारू नका. झाडासकट भिंत टिकेल का, हेही विचारा. पिंपळाचं रोप लहान असतानाच काढा आणि त्याला मोकळ्या जमिनीत जागा द्या.