चंद्रनिरीक्षणाची वही

भाऊबीजेच्या संध्याकाळी महाराष्ट्रातील अनेक घरांत आधी चंद्राला ओवाळले जाते आणि मग भावाला. ती कार्तिक शुद्ध द्वितीया असते. सूर्यास्तानंतर पश्चिम क्षितिजाच्या जरा वर चंद्राची बारीक कोर थोडा वेळ दिसते व मावळते. शाळेतील मुलांनी चंद्राच्या निरीक्षणास आरंभ करावयाचा झाल्यास याहून सोयीचा दिवस शोधूनही सापडणार नाही. पावसाळा सरलेला असतो, शाळेला सुटी असते आणि घरातील वडीलधाऱ्यांचे लक्षही त्याच कोरीकडे लागलेले असते.

चंद्राच्या कला हा विषय प्राथमिक शाळेच्या पुस्तकांतून बहुधा आकृतीच्या रूपाने शिकविला जातो. मध्ये पृथ्वी, भोवती आठ चंद्र, एका बाजूने येणारे सूर्यकिरण. आकृती बरोबरच असते. पण ज्या मुलाने सलग आठ दिवसदेखील चंद्राकडे पाहिलेले नाही, त्याला ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून आकृतीच्या आधी वही आली पाहिजे.

वहीचे स्वरूप अगदी साधे असावे. एका दिवसास एक पान. त्यावर तारीख, घड्याळातील वेळ, चंद्र कोणत्या दिशेला दिसला, क्षितिजापासून किती वर होता, आणि दिसला तसे त्याचे चित्र. उंची मोजण्यास यंत्राची गरज नाही. हात सरळ लांब करून मूठ धरली असता ती आकाशातील सुमारे दहा अंश व्यापते. मुलाची मूठ लहान असली तरी त्याचा हातही आखूड असतो, त्यामुळे माप फारसे चुकत नाही. ‘झाडाच्या शेंड्यावर दोन मुठी’ एवढी नोंद पुरेशी आहे.

रोज एकाच वेळी, समजा सायंकाळी सात वाजता, पाहणाऱ्या मुलाच्या ध्यानात पहिली गोष्ट येते ती चंद्राच्या जागेची. आकार वाढतो हे त्याला ठाऊक असतेच. परंतु चंद्र रोज मूठभराहून थोडा अधिक पूर्वेकडे सरकतो, हे सहसा कोणी सांगितलेले नसते. अष्टमीच्या सुमारास सात वाजता तो दक्षिणेच्या बाजूस बराच वर असतो आणि पौर्णिमेस पूर्वेला नुकताच उगवलेला दिसतो. त्यानंतर मात्र सात वाजता चंद्र नसतोच. बहुतेक वह्या येथे थांबतात. वस्तुतः खरा धडा येथूनच सुरू होतो. चंद्र गेला कोठे, हा प्रश्न मुलांकडून येऊ द्यावा आणि शिक्षकांनी उत्तराची घाई करू नये. एव्हाना बहुधा सुटी संपून शाळा भरलेली असते. सकाळच्या शाळेतील मुलांना प्रार्थनेच्या वेळी मैदानावरून पश्चिमेकडे पाहावयास सांगितले की वद्य पक्षातील फिकट चंद्र समोर उभा असतो. दिवसाउजेडी चंद्र दिसतो, याचे मुलांना किती आश्चर्य वाटते हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. मोठ्यांनाही वाटते, पण ते तसे दाखवीत नाहीत. चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे मग मुले स्वतःच्या नोंदींवरून काढू शकतात. वद्य पक्षात रात्री जागून चंद्रोदय पाहण्याची सक्ती मुळीच असू नये. सायंकाळच्या नोंदीही मुलांनी, विशेषतः मुलींनी, आपल्याच अंगणातून किंवा गच्चीवरून कराव्यात.

या उपक्रमातील खरी अडचण आकाशाची नसून गुणांची आहे. तीस पाने भरली तर पूर्ण गुण, असा नियम केला की पाने भरतात; मात्र ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून भरतात. अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस चंद्र सूर्याच्या इतका जवळ असतो की तो दिसणे शक्यच नसते. तेव्हा तीसही पानांवर चंद्र काढलेली वही ही खोटी वही होय. ‘ढग होते’, ‘विसरलो’, ‘शोधला, दिसला नाही’ या नोंदींना चित्राइतकेच मोल दिले पाहिजे. मुलाने काढलेले चित्र पुस्तकाप्रमाणे दुरुस्त करण्याचा मोहही टाळावा. कोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढलेली वही आली, तर चूक म्हणून फुली न मारता दुसऱ्या दिवशी नीट पाहण्यास सांगावे. द्वितीया-तृतीयेला कोरीच्या आतला काळा भागही अंधूक उजळलेला दिसतो. तो प्रकाश पृथ्वीवरून परावर्तित होऊन तेथे पोचलेला असतो. चंद्राचा गोळा तेथे पुरा आहे, मग त्याच्या पोटात चांदणी दिसेल कशी, हे मुलाला आपोआप उमगते.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. वही तो दोन प्रकारे खोडून काढते. शुद्ध अष्टमीच्या सुमारास दुपारी चारच्या आसपास अर्धा चंद्र पूर्वेकडे आणि सूर्य पश्चिमेकडे, असे दोघेही एकाच वेळी आकाशात असतात. पृथ्वीची सावली सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते, म्हणजे त्या वेळी ती क्षितिजाखाली असते. वरच्या चंद्रावर ती पडणार कशी? दुसरा पुरावा ग्रहणाचा. ७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री, भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. सावलीने चंद्राला ग्रासण्यास आरंभ केल्यापासून ती पूर्णपणे दूर होईपर्यंतचा सारा प्रकार सुमारे साडेतीन तासांत आटोपला. कलांना पंधरवडा लागतो.

एवढे झाल्यावर वर्गात प्रयोग करावा. खोलीत अंधार करून एकच दिवा लावावा. मुलाने चुना लावलेला चेंडू हात लांब करून डोक्याच्या किंचित वर धरावा आणि दिव्याकडे तोंड करून उभे राहून सावकाश डावीकडे वळावे. कोर, अर्धा, पूर्ण, पुन्हा अर्धा, ही सारी रूपे क्रमाने दिसतात आणि मुले ती आपापल्या वहीतील पानांशी जुळवून पाहू लागतात. दिव्याकडे पाठ असताना चेंडू खाली आणला तर त्यावर डोक्याची सावली पडते, ते ग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेस असे घडत नाही.

गावातील जाणत्यांचा या वहीशी चांगला संबंध जोडता येतो. तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्यास घेतलेला काळ. अशा तीस तिथी सुमारे साडेएकोणतीस दिवसांत संपतात. म्हणूनच पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय होतो. हे गणित वयस्कर माणसांना ठाऊक असते. रमजान ईदच्या चंद्राकडे डोळे लावून बसणाऱ्या घरांना पहिल्या कोरीची वेळ आणि दिशा कोणी शिकवावी लागत नाही. कोकण किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, हे कोळ्यांची मुले शिक्षकांनाच सांगतील. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरील भरतीची ढोबळ वेळ निघते, चतुर्थीस तीन वाजता, या जुन्या आडाख्यातही चंद्राचा रोजचा तोच उशीर दडलेला आहे.

मुलांच्या स्वतःच्या नोंदींना परीक्षेत स्थान देण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले स्वतः प्रयोग करून नोंदी ठेवीत आणि परीक्षेच्या वेळी त्यांना पुस्तके व वह्या जवळ बाळगण्याची मुभा असे. तो कार्यक्रम २००२ साली बंद झाला. वहीतील नोंदीवर प्रश्न विचारण्याची त्याची रीत मात्र कोणत्याही शाळेला आजही उचलता येईल. उदाहरणार्थ, चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चंद्रावर उतरले, तेव्हा शुद्ध सप्तमी होती. त्या संध्याकाळचा चंद्र कसा दिसला असेल, आणि यानाचे काम चौदा दिवसांपुरतेच का आखले होते? महिनाभर वही ठेवलेल्या मुलाला, चंद्रावर कोठेही साधारण पंधरवडाभर ऊन असते, एवढे सांगितले की सौर ऊर्जेवर चालणाऱ्या यानाची मुदत त्याला सांगता येते.

ग्रामपंचायतीकडून फारसे साहाय्य लागणार नाही. शाळेच्या गच्चीची किल्ली, गरजू मुलांसाठी चाळीस पानी वह्या, आणि शक्य असल्यास शाळेसमोरील पथदिवा आठवड्यातून एखाद्या सायंकाळी अर्धा तास बंद. चंद्र दिसण्यासाठी अंधार लागत नाही हे खरे, त्यामुळे शहरातील शाळाही मागे राहण्याचे कारण नाही. परंतु कोरीच्या आतला तो अंधूक प्रकाश दिव्याच्या झगमगाटात हरवतो.

कार्तिकातील वही जपून ठेवावी आणि फाल्गुन-चैत्रात पुन्हा आठ दिवस निरीक्षण करावे. त्या वेळी द्वितीयेची कोर होडीसारखी जवळजवळ आडवी दिसते. भाऊबीजेच्या पानावरील कोर अधिक कललेली असते. दोन्ही पाने शेजारी ठेवून हे असे का, हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांपुढे ठेवता येईल.